घरच्या संगणकासाठी अँटिव्हायरस निवडताना: नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

नवा संगणक घरी आला की "अँटिव्हायरस कोणता घ्यावा?" हा प्रश्न बहुधा सर्वांत आधी विचारला जातो. वास्तविक त्याचे उत्तर देण्यापूर्वी दोन-तीन गोष्टी तपासाव्या लागतात आणि त्या तपासल्यावर अनेकांच्या लक्षात येते, की वेगळे काही विकत घेण्याची त्यांना गरजच नव्हती. ज्यांना ती असते, त्यांनाही आपण पैसे नेमके कशासाठी देत आहोत हे स्पष्ट होते. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. संगणकाचे तांत्रिक शिक्षण नसलेल्या वाचकाला त्या स्वतः पार पाडता याव्यात, हा हेतू आहे.

पायरी पहिली: संगणकात आधीपासून काय आहे ते पाहावे

विंडोज १० आणि ११ या दोन्हींमध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटिव्हायरस मुळातच असतो. तो वेगळा उतरवून घ्यावा लागत नाही आणि त्याची मुदतही संपत नाही. स्टार्ट मेनूमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' शोधून उघडावे आणि त्यातील 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' या भागात जावे. संगणकाचे रक्षण सध्या कोणता प्रोग्राम करीत आहे, हे तेथे दिसते. डिफेंडरच काम करीत असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये 'रिअल-टाइम प्रोटेक्शन', 'क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन' आणि 'टॅम्पर प्रोटेक्शन' ही तिन्ही बटणे चालू असल्याची खात्री करावी. यांपैकी तिसऱ्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. परंतु संगणकात शिरलेला घातक प्रोग्राम सर्वप्रथम संरक्षणच बंद पाडू पाहतो आणि त्याचा तो मार्ग हे बटण अडवते.

नव्या लॅपटॉपवर पुष्कळदा दुसऱ्या एखाद्या कंपनीचा अँटिव्हायरस चाचणी मुदतीपुरता टाकलेला असतो. तो चालू असेपर्यंत डिफेंडर आपोआप बाजूला होतो. मुदत संपल्यावर मात्र कित्येक घरांत ती सूचना दररोज बंद केली जाते आणि आपण सुरक्षित आहोत या समजुतीत महिने निघून जातात. असा चाचणीचा प्रोग्राम दिसल्यास तो पैसे भरून चालू ठेवायचा की काढून टाकायचा, याचा निर्णय पहिल्याच आठवड्यात घ्यावा. तो काढून टाकल्यावर डिफेंडर पुन्हा आपोआप सुरू होतो.

मॅक संगणकांत एक्सप्रोटेक्ट ही ओळखीच्या घातक प्रोग्रामांना पकडणारी यंत्रणा आणि अनोळखी विकसकांचे प्रोग्राम रोखणारी गेटकीपर ही व्यवस्था असते. दोन्ही पार्श्वभूमीवर गुपचूप काम करतात. त्यामुळे मॅकमध्ये अँटिव्हायरस नसतो हा समज जसा चुकीचा आहे, तसाच मॅकला काहीच होत नाही हा समजही चुकीचा आहे.

पायरी दुसरी: ऑपरेटिंग सिस्टीमला (विंडोज किंवा मॅकच्या मूळ प्रणालीला) अपडेट मिळतात का ते तपासावे

ही पायरी वगळून पुढे जाऊ नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचे रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर, अवघ्या काही दिवसांत जगभर पसरले. विंडोजमधील ज्या त्रुटीतून ते शिरत होते, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे सुमारे दोन महिने आधी दिलेले होते. ते ज्यांनी घेतले होते, त्यांच्या संगणकांत त्या त्रुटीचा दरवाजा बंद झालेला होता.

विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली आहे. परंतु तिच्यासाठी नोंदणी करावी लागते. संगणक विंडोज ११ वर नेणे शक्य असेल तर ते करावे. आधार संपलेल्या सिस्टीमवर महागडा अँटिव्हायरस बसवणे म्हणजे भिंतीला खिंडार असताना दाराला भक्कम कुलूप लावण्यासारखे आहे.

ब्राउझर, दस्तऐवज वाचणारे प्रोग्राम आणि घरातील राउटर यांची अपडेटही याच वेळी पाहून घ्यावीत. बहुतेक ब्राउझर स्वतःहून अद्ययावत होतात, मात्र ते बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय नवी आवृत्ती लागू होत नाही.

पायरी तिसरी: अँटिव्हायरस काय करतो आणि काय करू शकत नाही हे समजून घ्यावे

जाहिरातींतील शब्द पारखून घ्यायचे असतील, तर अँटिव्हायरसची कामाची पद्धत थोडी माहीत असलेली बरी. त्याची सर्वांत जुनी पद्धत ओळखखुणांची आहे. पूर्वी सापडलेल्या घातक फायलींच्या खुणांची यादी त्याच्याजवळ असते आणि समोर आलेली फाइल तो त्या यादीशी ताडून पाहतो. ही पद्धत जलद असली, तरी आज सकाळी तयार झालेल्या फाइलची खूण यादीत नसते. म्हणून दुसरी पद्धत आली: फाइलची रचना पाहून ती संशयास्पद आहे का याचा अंदाज बांधणे. तिसरी पद्धत वर्तनावर लक्ष ठेवण्याची. एखादा प्रोग्राम अचानक शेकडो फायली एकापाठोपाठ बदलू लागला, तर त्याचे नाव यादीत असो वा नसो, त्याला थांबवले जाते. रॅन्समवेअर पकडण्यात हीच पद्धत अधिक उपयोगी पडते. याखेरीज संशयित फाइलची माहिती कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवून काही क्षणांत निर्णय मागवला जातो. इंटरनेट बंद असताना अनेक अँटिव्हायरसांची पकड काहीशी सैल होते, त्याचे कारण हेच.

आता त्याची मर्यादा. बँकेच्या पानाची नक्कल करणाऱ्या पानावर आपण स्वतःच्या हाताने पासवर्ड लिहिला, किंवा फोनवरील माणसाच्या सांगण्यावरून दूरस्थ ताबा देणारा, एरवी पूर्णपणे वैध असलेला प्रोग्राम स्वतः उतरवून घेतला, तर अँटिव्हायरसच्या दृष्टीने त्या संगणकावर घातक असे काहीच घडलेले नसते. फसवणुकीची काही ज्ञात पाने ब्राउझर आणि अँटिव्हायरस अडवतात. परंतु काही तासांपूर्वी तयार झालेले पान त्यांच्या जाळ्यातून निसटू शकते. एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरला असेल आणि त्यांपैकी एका संकेतस्थळावरून तो फुटला, तर उरलेल्या नऊ खात्यांचे रक्षण आपल्या संगणकावरील कोणतेही सॉफ्टवेअर करू शकत नाही. त्यासाठी पासवर्ड मॅनेजर (प्रत्येक खात्याचा वेगळा पासवर्ड बनवून जपून ठेवणारा प्रोग्राम) आणि दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर फोनवरील संकेतांकासारखा दुसरा पुरावा मागणारी सोय) हीच साधने उपयोगी आहेत. सुरक्षेवर खर्च करायला थोडेच पैसे असतील, तर ते आधी चांगल्या पासवर्ड मॅनेजरवर आणि एका बाह्य हार्ड डिस्कवर खर्च करावेत, असे माझे मत आहे.

पायरी चौथी: अधिक काही हवे आहे का, ते ठरवावे

संगणक एक-दोन माणसे वापरतात, प्रोग्राम अधिकृत ठिकाणांहूनच घेतले जातात, अपडेट वेळच्या वेळी होतात आणि महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळी ठेवलेली आहे, अशी परिस्थिती असेल तर अंगभूत संरक्षण पुरेसे आहे. हे मी कोणताही आडपडदा न ठेवता सांगतो, कारण भीती दाखवून विकल्या जाणाऱ्या वस्तूंमध्ये हे क्षेत्र बरेच पुढे आहे.

सशुल्क सॉफ्टवेअर घेण्यास सबळ कारणेही असतात. घरात विंडोज, मॅक आणि फोन अशी अनेक उपकरणे असून त्या सर्वांची स्थिती एकाच ठिकाणाहून पाहायची असेल. दूर राहणाऱ्या वयस्कर आईवडिलांच्या संगणकावर लक्ष ठेवायचे असेल. अडचण आल्यावर फोनवर बोलणारा माणूस हवा असेल. किंवा मुलांच्या वापरावर अंगभूत सोयींपेक्षा बारकाईने नियंत्रण हवे असेल, तर त्यासाठी पैसे देणे योग्य आहे. मात्र पायरेटेड प्रोग्राम आणि खेळ वापरता यावेत म्हणून अधिक कडक अँटिव्हायरस शोधणाऱ्यांनी तो शोध सोडून द्यावा. असे प्रोग्राम बसवण्याच्या सूचनांमध्येच अनेकदा "आधी अँटिव्हायरस बंद करा" असे लिहिलेले असते आणि तो बंद केल्यावर त्याची किंमत किती होती याला काही अर्थ उरत नाही.

मोठ्या संचांबरोबर संगणक साफ करणारे, वेग वाढवणारे, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची अंतर्गत नोंदवही) दुरुस्त करणारे असे बरेच काही दिले जाते. त्यांच्यासाठी एक पैसाही जास्त देऊ नये. विंडोज आणि मॅक या दोन्हींत फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून होणारी नकोशी ये-जा अडवणारी सोय, असतेच. व्हीपीएनमुळे व्हायरस अडत नाहीत. त्याचे काम वेगळे, म्हणजे इंटरनेटवरील आपली देवाणघेवाण इतरांपासून झाकण्याचे आहे.

पायरी पाचवी: तुलना करताना स्वतंत्र चाचण्या पाहाव्यात

"सर्वोत्तम दहा अँटिव्हायरस" अशा याद्या इंटरनेटवर हव्या तितक्या सापडतात. त्यांतील अनेक याद्यांना दुव्यावरून झालेल्या प्रत्येक विक्रीमागे दलाली मिळते, त्यामुळे त्यांतील क्रमावर विसंबू नये. त्याऐवजी जर्मनीतील एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज आणि ब्रिटनमधील एसई लॅब्ज या प्रयोगशाळांचे अहवाल पाहावेत. ते त्यांच्या संकेतस्थळांवर कोणालाही विनामूल्य वाचता येतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेगावरील परिणाम आणि वापरसुलभता या तीन बाबींना प्रत्येकी ६, असे एकूण १८ गुण देते. एव्ही-कंपॅरेटिव्ह्जच्या अहवालांत खऱ्या संकेतस्थळांवरील धोके वापरून केलेली चाचणी, संगणक किती मंदावतो याची चाचणी आणि निर्दोष फायलींवर किती वेळा खोटा आळ घेतला गेला याची मोजणी असते.

हे अहवाल वाचण्याचीही एक रीत आहे. एकाच महिन्याचा निकाल पाहून ठरवू नये. मागील एक-दीड वर्षात उत्पादनाने सातत्य राखले आहे का, ते पाहावे. वरच्या गटातील उत्पादनांमध्ये पकडण्याच्या प्रमाणातील फरक टक्क्याच्या अंशांत असतो आणि घरच्या वापरात तो जाणवत नाही. खोट्या आळांचा आकडा मात्र गांभीर्याने पाहावा. जो अँटिव्हायरस वारंवार निर्दोष फायलींवर ओरडतो, त्याच्या सूचना न वाचताच बंद करण्याची सवय लागते आणि एखाद्या दिवशी खरी सूचनाही त्याच सवयीने बंद केली जाते. संगणक जुना असेल, रॅम (प्रोग्राम चालताना वापरली जाणारी मेमरी) ४ किंवा ८ जीबी असेल, तर वेगावरील परिणामाच्या चाचणीला सर्वांत जास्त वजन द्यावे.

यानंतर खासगीपणाचा प्रश्न. अँटिव्हायरस आपण उघडलेले प्रत्येक पान आणि प्रत्येक फाइल पाहू शकतो, म्हणून त्याच्या कंपनीवर इतर कोणत्याही सॉफ्टवेअरच्या कंपनीपेक्षा अधिक विश्वास टाकावा लागतो. अव्हास्ट या कंपनीने वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या आपल्याच उपकंपनीमार्फत विकल्याचे उघड झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये ती उपकंपनी बंद करण्यात आली. पुढे २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्यास आणि जाहिरातींसाठी अशी माहिती न विकण्यास सांगितले. म्हणून मोफत उत्पादन घेताना त्या कंपनीचे उत्पन्न कोठून येते, हे जरूर विचारावे आणि सेटिंगमधील माहिती पाठवण्यासंबंधीच्या खुणा एकेक करून वाचाव्यात.

किमतीविषयी थोडक्यात एवढेच, की पहिल्या वर्षाची सवलतीची किंमत न पाहता नूतनीकरणाची किंमत पाहावी, ती किती उपकरणांसाठी आहे ते वाचावे आणि आपोआप नूतनीकरणाची खूण खरेदीच्याच दिवशी काढून टाकावी.

पायरी सहावी: एकच अँटिव्हायरस बसवावा

दोन अँटिव्हायरस म्हणजे दुप्पट सुरक्षा, असा समज फार पसरलेला आहे. प्रत्येक अँटिव्हायरस ऑपरेटिंग सिस्टीमच्या अगदी आतल्या थरात, तिच्या कर्नलपर्यंत (गाभ्यापर्यंत) पोहोचून फायलींची उघडझाप अडवत असतो. दोघे एकाच जागी उभे राहिले, की एक दुसऱ्याला संशयित समजतो, एकच फाइल दोघे तपासतात आणि संगणक जागच्या जागी अडखळतो. या थरातील चूक किती महाग पडते, ते १९ जुलै २०२४ रोजी दिसले. कंपन्यांसाठी सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या क्राउडस्ट्राइकचे एक सदोष अपडेट गेले आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षिकांचा संगणक सुरू व्हायला दहा मिनिटे घेत असे. त्यात दोन अँटिव्हायरस आणि एक "वेगवर्धक" असे तिघे एकमेकांशी झगडत होते. तिघांनाही काढून डिफेंडर चालू केल्यावर तोच संगणक त्यांनी पुढे काही वर्षे वापरला.

बसवण्याचा क्रम असा ठेवावा. जुना अँटिव्हायरस आधी सेटिंगमधून काढावा. तो पूर्णपणे जात नसेल तर त्याच कंपनीचे काढून टाकण्याचे खास साधन वापरावे, कारण मोठ्या कंपन्या ते विनामूल्य देतात. संगणक पुन्हा सुरू करावा. नवा प्रोग्राम उतरवताना शोधयंत्रातील पहिल्या जाहिरातीवर क्लिक न करता कंपनीचा पत्ता स्वतः लिहावा, कारण नामांकित सॉफ्टवेअरच्या नावाने घातक फायली देणाऱ्या जाहिराती वारंवार आढळल्या आहेत. बसवताना ब्राउझरचे जोडप्रोग्राम किंवा मुख्य पान बदलण्याची परवानगी मागितली गेल्यास ती नाकारावी. शेवटी अपडेट घेऊन एकदा संपूर्ण स्कॅन करावे. त्याला काही तास लागू शकतात.

बसवलेला अँटिव्हायरस खरोखर जागा आहे का, हे निर्धोकपणे तपासता येते. आयकार या संस्थेने ६८ अक्षरांची एक चाचणी फाइल ठरवून दिली आहे. ती पूर्णपणे निरुपद्रवी आहे, परंतु अँटिव्हायरसांनी तिला व्हायरस समजून पकडावे असा संकेत आहे. आयकारच्या संकेतस्थळावरून ती उतरवण्याचा प्रयत्न करताच सूचना यायला हवी. ती आली नाही, तर पहिल्या पायरीकडे परत जावे.

पायरी सातवी: काही सेटिंग बदलावीत

विंडोजमध्ये 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' या भागात नकोशा प्रोग्रामांना अडवण्याची सोय आहे. ती चालू करावी. 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' ही रॅन्समवेअरविरोधी सोय मुळात बंद असते. ती चालू केल्यावर दस्तऐवज आणि छायाचित्रांच्या फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रामांना बदल करता येत नाही. सुरुवातीला एखादा चांगला प्रोग्रामही अडवला जाईल. त्याला हाताने परवानगी द्यावी लागते. हा त्रास दोन-तीन आठवड्यांत कमी होतो आणि तो सोसण्यासारखा आहे.

रोजच्या वापरासाठी प्रशासकाचे अधिकार नसलेले साधे खाते करावे. त्या खात्यातून उघडलेल्या घातक फाइलला संपूर्ण संगणकावर ताबा मिळवणे पुष्कळ अवघड जाते. घरातील मुलांची खाती तर नेहमी अशीच असावीत.

आणि बॅकअप. महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर किंवा क्लाउडवर, हा जुना नियम आजही उत्तम आहे. बाह्य डिस्क प्रत घेऊन झाल्यावर संगणकापासून काढून ठेवावी, कारण जोडलेल्या डिस्कवरील फायलीही रॅन्समवेअर कुलूपबंद करते. क्लाउडशी केवळ समक्रमण (सिंक) होत असेल, तर बिघडलेली फाइल तेथेही जाऊन पोहोचते. म्हणून जुन्या आवृत्त्या परत मिळवता येतात का, ते एकदा करून पाहावे.

पायरी आठवी: सूचना आल्यावर काय करावे

प्रथम सूचना कोठून आली ते ओळखावे. ब्राउझरमध्ये पूर्ण पडदा व्यापून, कर्कश आवाज करीत, "तुमचा संगणक बाधित झाला आहे, या क्रमांकावर फोन करा" असे सांगणारे पान ही निव्वळ फसवणूक आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांमध्ये फोन क्रमांक नसतो. पान बंद होत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि तेथून ब्राउझर बंद करावा. अशा प्रसंगी घाबरून फोन करणाऱ्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. ते पान घाबरवण्यासाठीच बनवलेले असते. घरातील सर्वांना ते आधीच समजावून ठेवावे.

अँटिव्हायरसने एखादी फाइल क्वारंटाइनमध्ये, म्हणजे विलगीकरणात, ठेवली असेल तर ती तेथून लगेच परत आणू नये. आळ खोटा असल्याची शंका असेल तर ती फाइल व्हायरसटोटल या संकेतस्थळावर तपासता येते, जेथे अनेक अँटिव्हायरस एकाच वेळी तिच्याकडे पाहतात. तेथे दिलेल्या फायली सुरक्षा क्षेत्रातील इतरांनाही उपलब्ध होतात, म्हणून बँकेची, वैद्यकीय किंवा इतर खासगी कागदपत्रे तेथे कधीही चढवू नयेत.

संसर्ग खरा वाटत असल्यास इंटरनेट ताबडतोब तोडावे आणि डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन चालवावे. त्यात संगणक पुन्हा सुरू होऊन विंडोज पूर्ण उघडण्यापूर्वी तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेल्या प्रोग्रामला आडोसा मिळत नाही. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड त्या संगणकावरून नव्हे, तर दुसऱ्या निर्धोक उपकरणावरून बदलावेत आणि ईमेलचा सर्वांत आधी बदलावा, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड त्यावरूनच नव्याने मागवता येतात. फायली रॅन्समवेअरने कुलूपबंद केल्या असतील, तर खंडणी देण्याचा विचार करण्यापूर्वी युरोपोल ही युरोपीय संघाची पोलीस संस्था आणि नेदरलँड्सचे पोलीस यांनी सुरक्षा कंपन्यांच्या साथीने २०१६ मध्ये सुरू केलेला 'नो मोअर रॅन्सम' हा उपक्रम पाहावा. अनेक प्रकारच्या रॅन्समवेअरसाठी कुलूप उघडणारी साधने तेथे विनामूल्य मिळतात. आज साधन नसले तरी कुलूपबंद फायली पुसून टाकू नयेत, वेगळ्या डिस्कवर जपून ठेवाव्यात, कारण काही प्रकारांच्या किल्ल्या पुढे कधीतरी हाती लागलेल्या आहेत. स्कॅननंतरही संगणकाचे वागणे संशयास्पद राहिले, तर विंडोज संपूर्ण पुसून नव्याने बसवावे आणि बॅकअपमधील फायली परत घेण्यापूर्वी त्या डिस्कचेही स्कॅन करावे.